सार्जंट, जॉन सिंगर : रेखाटने आणि मागणीवरून काढलेली व्यक्तिचित्रे

सार्जंट, जॉन सिंगर : (१२ जानेवारी १८५६ – १५ एप्रिल १९२५). अमेरिकन चित्रकार. जन्म इटलीतील फ्लॉरेन्सचा, शिक्षण पॅरिसचे, बिऱ्हाड लंडनला आणि नागरिकत्व अमेरिकेचे. श्रीमंतांच्या झगमगीत तैलचित्रांमुळे त्याचे नाव झाले. त्याच्या हाताची खरी ताकद मात्र पेन्सिल आणि कोळशाच्या कामात अधिक उघडी पडते. ही नोंद मुख्यतः त्या कामाविषयी आहे.

वडील फिलाडेल्फियातील शल्यचिकित्सक, आई हौशी जलरंगचित्रकार. आईच्या ओढीने हे कुटुंब युरोपभर हिंडत राहिले. शाळा अशी धड झालीच नाही, पण स्केचबुक लहानपणीच हातात आले. १८७४ मध्ये तो पॅरिसला कारोल्यूस-द्यूराँ या चित्रकाराच्या कार्यशाळेत दाखल झाला. आधी काटेकोर रेखांकन आणि मग रंग, हा रिवाज या गुरूला मान्य नव्हता. ब्रशनेच थेट छायाभेद मांडा, वेलास्केथची चित्रे पाहा, ही त्याची शिकवण. सार्जंट पुढे कोळसाही ब्रशसारखाच वापरू लागला, त्याचे मूळ येथे आहे.

पेन्सिल त्याने शोधासाठी वापरली. १८८४ च्या पॅरिस सलाँ या प्रदर्शनात गदारोळ उठवणारे ‘मादाम एक्स’ हे चित्र घेतले, तर त्यामागे पेन्सिल आणि जलरंगांतील कितीतरी रेखाटने आहेत. कधी ही स्त्री कोचावर रेललेली, कधी पाठमोरी, कधी नुसती बाजूने दिसणारी नाकाची आणि हनुवटीची रेघ. मूळ चित्रात खांद्यावरून घसरलेला पट्टा प्रेक्षकांना अशिष्ट वाटला आणि सार्जंटला तो नंतर पुन्हा रंगवावा लागला. १८८६ मध्ये तो लंडनला स्थायिक झाला. तिथे गिऱ्हाइकांची रीघ लागली आणि तीच पुढे त्याच्या जिवावर आली. उमराव घराण्यातील बायका, त्यांचे रेशीम, त्यांच्या सूचना आणि ‘जिवणी जरा नाजूक करा’ या धर्तीच्या तक्रारी यांना तो विटला.

१९०७ च्या सुमारास त्याने तैलरंगातील व्यक्तिचित्रांची कामे घेणे जवळजवळ थांबवले. गिऱ्हाइकांना नाही म्हणताना हाताशी काहीतरी असावे म्हणून तो कोळशातले मस्तकचित्र देऊ करी. हा प्रकार त्याने आधीही हाताळला होता. अभिनेत्री एथेल बॅरीमोरचे चित्र १९०३ चे आहे. आता मात्र तोच मुख्य धंदा झाला. अशी सुमारे ७५० चित्रे त्याने काढली असा अंदाज आहे. या चित्रांना तो चेष्टेने थोबाडे म्हणे. तैलचित्राला अनेक बैठका लागत, इथे एकाच बैठकीत, बहुधा तीन तासांच्या आत, काम उरके. गिऱ्हाइकाचा वेळ वाचे, चित्रकाराचा जीव.

कागद साधारण दोन फूट उंच आणि दीड फूट रुंद. ईझल बसणाऱ्याच्या शेजारी उभा करायचा, दूर जाऊन चेहरा आणि चित्र एका नजरेत पाहायचे, मग पुढे येऊन चार फटकारे मारायचे, अशी त्याची पद्धत. बसणारा अवघडला की सार्जंट मध्येच उठून पियानो वाजवायचा. खोडायला पावाचा मऊ गर. त्याने कोळसा केवळ पुसला जात नाही, काळ्यातून उजेड वर काढता येतो. केसांवरची चमक, नाकाच्या शेंड्यावरचा ठिपका अशा जागा पुष्कळदा कागदाचा मूळ रंग राखून किंवा असा उचलून साधलेल्या असतात.

कवी येट्सचे १९०८ चे चित्र या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. कपाळावर आलेली केसांची बट आणि गळ्याशी सैल बांधलेला मोठा टाय ठसठशीत काळ्यात आहेत, चष्मा नाही. डोळे आणि ओठ तेवढे जपून घडवले आहेत. कोट दोन-चार रेघांत सोडून दिला आहे. येट्सच्या संकलित साहित्याच्या एका खंडात हे चित्र मुखचित्र म्हणून छापले गेले.

सगळीच चित्रे या तोडीची नाहीत. १९१२ मध्ये लेखिका ईडिथ व्हॉर्टनने कादंबरीकार हेन्री जेम्सचे चित्र मागवले, ते खुद्द सार्जंटला पसंत पडले नाही. आज ते ब्रिटनच्या राजसंग्रहात आहे. समाजातील प्रतिष्ठित स्त्रियांच्या चित्रांत तर एकच साचा वारंवार दिसतो : लांब मान, किंचित उचललेली हनुवटी, मागे गडद पट्टा. मागणी तसा पुरवठा, असे म्हणून ती बाजूला ठेवावीत.

पैशासाठी न बसवलेल्या माणसांची रेखाटने अधिक खोल जातात. बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयातील भित्तिचित्रांसाठी १९१६ पासून टॉमस मकेलर हा कृष्णवर्णी तरुण त्याचा मॉडेल होता. तो एका हॉटेलात लिफ्ट चालवत असे. त्याच्या देहावरून सार्जंटने अपोलोसह अनेक ग्रीक देवदेवता रंगवल्या; भिंतीवर मात्र त्या सगळ्या गोऱ्या झाल्या. मकेलर स्वतः दिसतो तो प्रामुख्याने कोळशाच्या अभ्यासचित्रांत. त्यांचा एक संच सार्जंटने इझाबेला स्टुअर्ट गार्डनर हिला भेट दिला आणि तो बॉस्टनमधील तिच्या संग्रहालयात आहे.

पहिल्या महायुद्धाच्या स्मारकासाठी ब्रिटिश सरकारी समितीने दिलेले कामही याच रांगेतले. १९१८ मध्ये तो फ्रान्समधील आघाडीवर गेला. तिथे मस्टर्ड गॅसने डोळे गेलेले, एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून चालणारे सैनिक त्याने पाहिले. ‘गॅस्ड’ (१९१९) हे सहा मीटरहून रुंद तैलचित्र त्यातून झाले. त्याच्या पूर्वतयारीच्या कोळशातील रेखाटनांत पट्टी बांधलेली डोकी आणि चाचपडणारे हात सुटे सुटे भेटतात. पूर्ण चित्रापेक्षा ती जास्त बोचतात.

जलरंग त्याने बव्हंशी स्वतःच्या आनंदासाठी हाताळले. तरी १९०९ मध्ये ब्रुकलिन संग्रहालयाने त्याची ८३ जलरंगचित्रे एका फटक्यात विकत घेतली.

सार्जंटच्या मृत्यूनंतर बहिणींनी शेकडो रेखाटने संग्रहालयांना देऊन टाकली, त्यामुळे अभ्यासचित्रे पाहायला मिळतात. मागणीवरून काढलेली मस्तकचित्रे मात्र ज्यांची त्यांच्या घरी गेली, आणि पुष्कळशी अजून त्यांच्या वारसांकडेच आहेत. केवळ या चित्रांचे मोठे प्रदर्शन २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात भरले आणि २०२० मध्ये ते वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय व्यक्तिचित्र दालनात गेले.