कुष्ठजंतूची मोजणी

 आधी शिवेचे दगड निश्चित करावेत, मग आतील बांध आखावेत, हा जमीनमोजणीचा रिवाज ज्या मुंबई इलाख्याच्या अंगवळणी पडला होता, त्याच इलाख्यात कुष्ठरोगाच्या जंतूच्या शोधाचा पूर्वरंग रंगला, याचे मला विशेष अप्रूप वाटते.

१८६० नंतरच्या दशकात डॉ. भाऊ दाजी लाड कडूकवठीच्या बियांच्या तेलाने या व्याधीवर उपचार करीत होते. आणि त्याच मुंबईत, ग्रे यांच्या शरीररचनाविषयक ग्रंथाची अजरामर चित्रे रेखाटणारे डॉ. हेन्री व्हॅनडाइक कार्टर जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेल्या सरकारी नोंदी पडताळून, हा रोग इलाख्यात कोठे विरळ व कोठे दाट आहे, हे निश्चित करीत होते. १८७३ साली नॉर्वेतील बर्गेन येथे हॅन्सेन या डॉक्टरांस रोग्यांच्या गाठींत दंडाकृती जंतू दिसले. कार्टर त्याच वर्षी नॉर्वेस जाऊन आले व ती वार्ता त्यांनी इंग्रजी वैद्यकविश्वास कळविली. पुढे १८९० साली माटुंग्यास निराधार कुष्ठरोग्यांसाठी आश्रयस्थान उभे राहिले ते म्युनिसिपल कमिशनर अॅक्वर्थ यांच्या पुढाकाराने. मराठी पोवाड्यांचा संग्रह करविणारे अॅक्वर्थ ते हेच.

परंतु हा कुष्ठजंतू प्रयोगशाळेच्या पोषकद्रवात वाढेना, आणि आजही वाढत नाही. आर्माडिलो या कवचधारी प्राण्याच्या शरीरात तो विपुल वाढतो, हे १९७१ साली दिसून आले, तेव्हा कोठे त्याचे डी.एन.ए. अभ्यासास पुरेल इतके हाती येऊ लागले. आता डी.एन.ए.चे वाचन एका दमात होत नाही. त्याचे असंख्य तुकडे करून, एकेका वाचनात काहीशे अक्षरे उतरवून, ज्यांची टोके परस्परांशी जुळतात ते तुकडे सांधीत जावे लागते. कुष्ठजंतूत तर आर.एल.ई.पी. नावाचा एकच मजकूर सुमारे ३७ ठिकाणी पुनरुक्त झालेला, आणि तोही एका वाचनाच्या आवाक्याबाहेर लांब. मग त्याच्या अलीकडचा तुकडा पलीकडच्या कोणत्या तुकड्यास जोडावा, याचा निवाडा केवळ तुकड्यांवरून कसा व्हावा?

आधी शिवेचे दगड, मग आतील बांध, या मोजणीच्या रिवाजाप्रमाणेच हा निवाडा नकाशाने केला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील स्टुअर्ट कोल यांच्या चमूने जंतूच्या डी.एन.ए.चे सुमारे चाळीस चाळीस हजार अक्षरांचे खंड कॉस्मिड नामक वाहकांत साठविले, विकरांनी कापल्यावर प्रत्येक खंडाचे जे ठसे उमटतात त्यांवरून कोणता खंड कोणत्या खंडावर अंशतः पडतो हे ताडले, आणि १९९३ साली जवळजवळ सगळा जनुकसंच अवघ्या चार सलग पट्ट्यांत मांडून दाखविला. दोनच वर्षांनी अमेरिकेत हिमोफिलस इन्फ्लुएन्झा या जंतूची १८,३०,१३७ अक्षरे पूर्वनकाशावाचून जुळविण्यात आली, तेव्हा नकाशाचे प्रयोजन संपले असे कित्येकांस वाटले. मला हे मत उतावीळ वाटते, कारण पुनरुक्तीने बुजबुजलेल्या जनुकसंचात नकाशा नसेल तर चुकीचा सांधाही बरोबर असल्यासारखाच दिसतो.

२००१ साली केंब्रिजनजीकच्या सँगर केंद्राच्या सहकार्याने पूर्ण वाचन प्रसिद्ध झाले. त्यासाठी निवडलेला वाण मुळात तामिळनाडूतील रुग्णाचा. ३२,६८,२०३ अक्षरांत कार्यक्षम जनुके सुमारे १,६०० निघाली आणि १,१०० हून अधिक मृत, म्हणजे कधी काळी चालती असलेली पण आता मोडून पडलेली. क्षयाच्या जंतूपाशी तर जवळजवळ चार हजार जनुके आहेत. स्वतंत्र जगण्याची इतकी साधने गमावलेला हा जंतू पोषकद्रवात का वाढत नाही, या शतकभराच्या कोड्यावर प्रथमच असा प्रकाश पडला. आणि जुळणीत अडथळा आणणारी ती आर.एल.ई.पी.ची पुनरुक्ती आज निदानाच्या कामी येते: प्रत्येक जंतूत तिच्या अनेक प्रती असल्याने, नमुन्यात जंतू मोजकेच असले तरी त्यांचा माग लागतो.