निंजा : एका नावाची चाळीस वर्षे

जपानच्या कावासाकी कंपनीने १९८४ साली ‘जीपीझेड ९०० आर’ ही मोटारसायकल विक्रीला आणली. अमेरिकेच्या बाजारात तिला ‘निंजा’ असे नाव देण्यात आले. चार दशकांनंतर ते नाव एका गाडीचे राहिलेले नाही. ते एका विस्तीर्ण कुळाचे नाव झाले आहे. या कुळात नवशिक्या चालकाला पेलेल अशी तीनशे सीसीची गाडी आहे, तशीच तीनशे अश्वशक्तीची, सार्वजनिक रस्त्यावर चालवण्यास मनाई असलेली गाडीही आहे. ‘सर्वांत वेगवान’ या बिरुदावर निंजाचा जन्म झाला. हे बिरुद कोणाकडेच फार काळ टिकत नाही. कावासाकीकडेही ते टिकले नाही. तरीही नाव टिकले. ते कसे टिकले, हाच या मालिकेच्या इतिहासातील खरा प्रश्न आहे.

पूर्वपीठिका

शोझो कावासाकी यांनी १८७८ मध्ये तोक्यो येथे जहाजबांधणीचा कारखाना सुरू केला. पुढे जहाजे, रेल्वे इंजिने, विमाने अशा अवजड उद्योगांत हे घराणे विस्तारले. मोटारसायकल हा त्यातील तुलनेने उशिरा आलेला व्यवसाय. त्याचे केंद्र कोबेजवळच्या आकाशी येथील कारखान्यात आहे.

वेगाशी कावासाकीचे नाव जोडले गेले ते ‘एच १’ या तीन सिलिंडरच्या, ५०० सीसीच्या टू-स्ट्रोक गाडीमुळे. ती १९६९ च्या सुमारास आली आणि साठ अश्वशक्तीच्या जोरावर तिने अमेरिकी तरुणांना वेड लावले. सांगाडा व ब्रेक मात्र त्या शक्तीच्या मानाने दुबळे होते. त्याच काळात कंपनी चार सिलिंडरच्या ७५० सीसी फोर-स्ट्रोक गाडीची तयारी करीत होती. परंतु होंडाने आपली ‘सीबी ७५०’ आधी बाजारात आणली. कावासाकीने घाईने उत्तर देण्याचे टाळले. आराखडा मागे घेऊन इंजिन वाढवण्यात आले आणि १९७२ मध्ये ९०३ सीसीची ‘झेड १’ अवतरली. थांबून, अधिक मोठे काहीतरी घेऊन येण्याची ही पद्धत पुढे निंजाच्या जन्मातही दिसते.

१९८४ ची गाडी

‘झेड १’चे इंजिन हवेने थंड होणारे होते. शक्ती वाढवत नेली तशी उष्णताही वाढली आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीस त्या रचनेची मर्यादा स्पष्ट झाली. त्यानंतरची सुमारे सहा वर्षे नव्या इंजिनावर काम चालले होते. त्यातून सिद्ध झालेले इंजिन ९०८ सीसीचे, चार सिलिंडरचे, प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह असलेले आणि पाण्याने थंड होणारे होते. त्याची शक्ती ११५ अश्वशक्ती होती.

या इंजिनाचे महत्त्व केवळ शक्तीत नव्हते. कॅमशाफ्ट फिरवणारी साखळी नेहमी सिलिंडरांच्या मधोमध असे. ती येथे एका टोकाला नेली. अल्टरनेटर सिलिंडरांच्या मागे बसवला. त्यामुळे इंजिन अरुंद झाले. ते खाली बसवता आले आणि वळणावर गाडी अधिक झुकवता आली. सांगाड्याचा खालचा भाग काढून टाकून इंजिनालाच सांगाड्याचा भार वाहायला लावले. वारा कापणाऱ्या फेअरिंगने उरलेले काम केले. ताशी १५० मैलांचा, म्हणजे सुमारे २४१ किलोमीटरचा टप्पा ओलांडणारी ही पहिली सर्वसामान्य विक्रीची मोटारसायकल मानली जाते. त्याच वर्षी आइल ऑफ मॅन बेटावरील प्रसिद्ध टीटी शर्यतींत, विक्रीतील गाड्यांच्या गटात तिने पहिले दोन क्रमांक पटकावले. १९८६ च्या ‘टॉप गन’ या चित्रपटात टॉम क्रूझने ती चालवली आणि मोटारसायकलींशी संबंध नसलेल्यांनाही ती ओळखीची झाली. वेगाचा मान गेल्यावरही ‘जीपीझेड ९०० आर’ जपानच्या बाजारात २००३ पर्यंत विकली जात होती.

नावाचे भाग्य

‘निंजा’ म्हणजे जुन्या जपानमधील हेर, गुप्तपणे शत्रूच्या गोटात शिरणारा माणूस. सामुराईची सामाजिक प्रतिष्ठा या शब्दाला नव्हती. अमेरिकेत मात्र १९८० च्या दशकारंभी निंजांच्या चित्रपटांची लाट आली होती; तेथील ग्राहकाला या शब्दात चपळाई आणि गूढता जाणवत होती. म्हणून कंपनीच्या अमेरिकी शाखेने हे नाव उचलले. अन्यत्र तीच गाडी आकडे-अक्षरांच्या नावानेच विकली जात होती. पुढे हळूहळू हे परदेशी बारसे सर्वत्र रूढ झाले. अशा रीतीने जपानी शब्द अमेरिकेची वारी करून जपानी गाडीकडे परत आला.

वेगाची चढाओढ आणि तीनशेची सीमा

१९९० मध्ये आलेली ‘झेडझेडआर ११००’ अमेरिकेत ‘निंजा झेडएक्स-११’ या नावाने विकली गेली. पुढून येणारा वारा दाबाने इंजिनाकडे वळवण्याची युक्ती तिच्यात होती. होंडाने १९९६ मध्ये ‘ब्लॅकबर्ड’ आणेपर्यंत सर्वांत वेगवान गाडीचा मान तिच्याकडेच राहिला. १९९९ मध्ये सुझुकीची ‘हायाबुसा’ आली आणि ताशी ३०० किलोमीटरची सीमा मागे पडली.

कावासाकीचे उत्तर तयार होते. ११९९ सीसीची ‘निंजा झेडएक्स-१२आर’ २००० साली आली. परंतु तोवर वातावरण बदलले होते. अशा गाड्यांवर युरोपात कायद्याने बंदी येईल, या भीतीने जपानी उत्पादकांनी विक्रीतील मोटारसायकलींचा वेग सुमारे ताशी ३०० किलोमीटरवर रोखण्याचे आपसांत ठरवले. ज्या शर्यतीत उतरण्यासाठी ‘झेडएक्स-१२आर’ घडवली गेली, ती शर्यतच तिच्या आगमनाबरोबर जवळजवळ संपली. ‘सर्वांत वेगवान’ हे बिरुद आता कोणालाच पूर्वीच्या अर्थाने मिळवता येणार नव्हते. निंजाला आपले मोठेपण दुसरीकडे शोधणे भाग पडले.

शर्यतीचे मैदान

एक मार्ग स्पर्धांचा होता. विक्रीतील गाड्यांवर आधारित जागतिक सुपरबाइक स्पर्धेत स्कॉट रसेल याने १९९३ मध्ये ७५० सीसीच्या कावासाकीवर विजेतेपद मिळवले होते. २००४ मध्ये ९९८ सीसीची ‘निंजा झेडएक्स-१०आर’ आली. मात्र तिला जागतिक मुकुटासाठी बरीच वाट पाहावी लागली. २०१२ मध्ये टॉम साइक्सचे विजेतेपद केवळ अर्ध्या गुणाने हुकले. पुढच्याच वर्षी त्याने ते मिळवले. त्यानंतर उत्तर आयर्लंडच्या जोनाथन रे याने २०१५ ते २०२० अशी सलग सहा वर्षे विजेतेपद राखले.

अपयशाची बाजूही नोंदवली पाहिजे. मोटोजीपी या सर्वोच्च स्पर्धेत ‘झेडएक्स-आरआर’ घेऊन उतरलेल्या कावासाकीला एकही शर्यत जिंकता आली नाही आणि जागतिक मंदीच्या काळात, २००९ च्या आरंभी, कंपनीने तेथून माघार घेतली.

तंत्राचे प्रदर्शन

दुसरा मार्ग तंत्रसामर्थ्य दाखवण्याचा होता. २०१४ च्या शरद ऋतूत जर्मनीतील कोलोन येथे ‘निंजा एच २ आर’ सादर झाली. ९९८ सीसीच्या इंजिनाला सुपरचार्जरची जोड देऊन सुमारे ३१० अश्वशक्ती मिळवलेली ही गाडी केवळ बंदिस्त धावपट्टीसाठी आहे. रस्त्यासाठी तिची सौम्य आवृत्ती ‘एच २’ काढण्यात आली. सुपरचार्जर बाहेरून विकत न घेता समूहातील गॅस टर्बाइन व विमान विभागांच्या साहाय्याने घडवण्यात आला. नाव १९७२ च्या टू-स्ट्रोक ‘एच २’चे घेतले आणि दर्शनी भागावर ‘नदी’ या अर्थाच्या जपानी अक्षरापासून बनलेले, घराण्याच्या जहाजांवर फडकलेले जुने चिन्ह लावले. ३० जून २०१६ रोजी तुर्कस्तानच्या केनान सोफुओग्लू याने वाहतुकीला खुला होण्यापूर्वीच्या उस्मान गाझी पुलावर ‘एच २ आर’ ताशी ४०० किलोमीटर वेगाने नेली. त्याला २६ सेकंद लागले.

धाकटी निंजा

ही शिखरे डोळ्यांत भरतात. परंतु नाव घरोघरी नेले ते धाकट्या गाड्यांनी. दोन सिलिंडरची २५० सीसीची निंजा अमेरिकेत १९८६ पासून मिळू लागली. १९८८ मध्ये तिला मिळालेले रूप किरकोळ फरक वगळता २००७ पर्यंत टिकले. ती स्वस्त होती, हलकी होती आणि नवशिक्याच्या चुका पोटात घालणारी होती. इंडोनेशियात तर दीडशे सीसीची टू-स्ट्रोक निंजा २०१५ पर्यंत तरुणांची लाडकी होती. २००८ मध्ये २५० सीसीच्या गाडीला मोठ्या भावंडांसारखे देखणे रूप देण्यात आले आणि तिचे उत्पादन थायलंडमध्ये होऊ लागले.

येथे या इतिहासाचा महाराष्ट्राशी संबंध येतो. पुण्याच्या बजाज ऑटोने १९८० च्या दशकात कावासाकीशी तांत्रिक सहकार्य केले होते. १९८६ ची ‘केबी १००’ हे त्याचे ठळक फळ. २००९ च्या ऑक्टोबरमध्ये बजाजनेच ‘निंजा २५० आर’ भारतात आणली. तिची जुळणी पुणे परिसरात होत असे. त्या वेळी भारतीय तरुणाच्या दृष्टीने दीडशे ते सव्वादोनशे सीसीची एक सिलिंडरची गाडी हीच मोठी होती. दोन सिलिंडरची, पूर्ण फेअरिंगची जपानी गाडी देशातील दुकानात दिसणे ही नवलाई होती. २०१३ मध्ये तिची जागा ‘निंजा ३००’ ने घेतली. १ एप्रिल २०१७ पासून बजाज व कावासाकी यांची विक्रीतील भागीदारी संपली आणि कावासाकीच्या भारतीय कंपनीने चाकण येथून स्वतंत्र वाटचाल सुरू ठेवली.

२०१८ मध्ये एक लक्षणीय गोष्ट घडली. इतर बहुतेक देशांत ‘निंजा ३००’ मागे पडून ‘निंजा ४००’ आली. भारतात मात्र सुटे भाग देशातच बनवून घेतल्याने ‘निंजा ३००’ची किंमत तीन लाख रुपयांच्या आत आली आणि ती चालू राहिली. परदेशात निवृत्त झालेली गाडी चाकणमुळे येथे नांदत राहिली.

सद्यःस्थिती

२०२० नंतर मालिकेत एकाच वेळी अनेक दिशांनी प्रयोग झाले. ‘झेडएक्स-२५आर’ने अडीचशे सीसीत चार सिलिंडर पुन्हा आणले. २०२३ मध्ये विजेवर चालणारी ‘निंजा ई-१’ आणि पेट्रोल व वीज दोन्हींवर चालणारी ‘निंजा ७ हायब्रिड’ जाहीर झाली. जुलै २०२४ मध्ये सुझुका येथे हायड्रोजन जाळणाऱ्या, ‘एच २’वर आधारित इंजिनाच्या गाडीचे प्रात्यक्षिक झाले. दुसरीकडे, सुपरबाइक स्पर्धेतील कावासाकीचा मुख्य संघ २०२५ पासून इटलीच्या बिमोटा या नावाने उतरू लागला. इंजिन कावासाकीचे, गाडीवरचे नाव मात्र निंजा नव्हे.

वेगाला सीमा पडली, मोटोजीपी सुटली, सुपरबाइकमधील मुख्य संघाने नाव बदलले. तरी निंजा विकली जाते आणि नवा चालक आजही याच नावापासून आरंभ करतो. ‘एच २ आर’सारख्या गाडीने या नावाला दरारा दिला, पण त्याचे आयुष्य वाढवले ते अडीचशे-तीनशे सीसीच्या गाड्यांनी, कारण त्या सामान्य तरुणाच्या आवाक्यात राहिल्या.