भुई उलते तशी टाच उलते

दिवाळी सरली की आमची आजी संध्याकाळी ओट्यावर बसून नातवंडांची तपासणी करायची. हात पुढं करायला लावायची आणि मनगटाच्या वर नखानं हलकी रेघ ओढायची. रेघ लगेच विरली तर सुटका. पांढरी तशीच राहिली की निकाल ठरलेला : "कातडं उललंय." मग नडगी बघायची. तिथं मासळीच्या खवल्यासारखे पापुद्रे दिसले, तर दुसऱ्या दिवशी न्हाणीपाशी तेलाची वाटी आलीच म्हणून समजा. भोकरदन तालुक्यातल्या आमच्या घरात कोरड्या त्वचेचं निदान असं एका नखावर चालायचं.

'उलणं' हा शब्द तिनं शेतातून आणलेला होता. आमचं रान काळं, भारी. पावसात फुगणारी ही माती पाणी आटलं की आकसते आणि ठिकठिकाणी फाटते. फेब्रुवारीत भेग इतकी रुंद व्हायची, की हातातला विळा पडला तर आत हात घालून काढावा लागे. रान उलतं, ओठ उलतात, टाच उलते. शब्द एकच, आणि त्यावरच्या इलाजाचं तत्त्वही एकच. पुढं मी कृषी खात्यात नोकरी केली. तिथं रब्बीच्या बैठकीत 'एक कोळपणी, अर्धं पाणी' हे वाक्य किती वेळा बोललो असेन! कोळपं रानात पाण्याचा थेंबही आणत नाही. ते भेग बुजवतं आणि आतली ओल आत ठेवतं. तेलाचं काम नेमकं तेच. तेल कातडीला पाणी देत नाही, असलेलं उडू देत नाही. म्हणून आजीचा नियम होता : न्हाऊन अंग पुरतं वाळायच्या आत तेल लावायचं. ती म्हणायची, "वाफसा हाय तवर लाव." पेरणीला जी ओल नेमकी लागते, तिला आम्ही वाफसा म्हणतो. कातडीलाही वाफसा असतो आणि तो चार-दोन मिनिटंच टिकतो, हे मला शेतीच्या आधी न्हाणीत कळलं.

वाटीतलं तेल करडईचं असायचं. खोबरेल विकत आणावं लागे, ते डोक्यापुरतं. करडई घरची. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात पेरायची, पुढं पाऊस नसला तरी चालायचं, कारण तिचं मूळ खोल जाऊन खालची ओल शोधतं. वरून उललेल्या रानात खालून पाणी पिणारं हे पीक. कोवळेपणी त्याची भाजी व्हायची, पण पक्व झालं की पानापानाला काटा. काढणी पहाटेच करावी लागे, दव असेतो काटा मऊ असतो म्हणून. बाया-माणसं पायांना गोणपाटाच्या पट्ट्या गुंडाळून, हातांना फडकी बांधून रानात उतरायची. ऊन चढलं की काम बंद. तरीही घरी येईपर्यंत हातावर ओरखड्यांची जाळी झालेली असे. परभणीच्या कृषी विद्यापीठानं पुढं बिनकाट्याचा वाणही दिला, पण आजीच्या हातांना त्याचा उपयोग व्हायचा नव्हता.

करडई घाण्यावर जायची. लाकडी घाणा मी लहानपणी शेवटचा पाहिला. मधे उखळ, त्यात तिरपी उभी जाड लाट, डोळ्यांना झापड बांधलेला बैल आणि दिवसभर चाललेली एकसुरी करकर. तेल कोमट, पिवळसर, जरा गढूळ निघायचं. पेंड जनावरांना जायची. घरात आलेल्या तेलाची वाटणीही ठरलेली होती : आधी कढई, मग बाळंतीण आणि तान्हं पोर, मग शाळेतली पोरं. बायकांच्या टाचांची पाळी सगळ्यांत शेवटी, आणि बहुतेक वेळा तोवर वाटी कोरडी झालेली.

या वाटणीचा विचार करताना मला भोकरदनचीच एक वस्तू आठवते. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन, सातवाहन काळातली भरभराटीची पेठ. 1970 च्या दशकात तिथं उत्खनन झालं, त्यात हस्तिदंताची एक मोडकी मूर्ती सापडली : मधे एक स्त्री, दोन बाजूंना दासी. तिची बहीण शोभेल अशी मूर्ती 1938 मध्ये थेट इटलीत, पाँपेईच्या राखेखाली मिळाली होती. पाँपेई इ.स. 79 मध्ये गाडलं गेलं, म्हणजे ती त्याआधीच समुद्रापार पोहोचलेली. ती भोगवर्धनकडूनच गेली असावी, असं काही अभ्यासकांना वाटतं. जेमतेम वीतभर उंचीची ही मूर्ती आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तिच्या दोन्ही दासींच्या हातांत प्रसाधनाची भांडी आहेत. आमच्या भागाशी नातं सांगणाऱ्या शृंगाराच्या या जुन्या पुराव्यातही भांडं धरणारी वेगळी आणि लावून घेणारी वेगळी.

टाचेचा इलाज निराळा होता. जरा बरे दिवस असले तर राळ, मेण आणि तेल कढवून केलेलं मलम भेगेत भरायचं. नाहीतर बिब्बा. दिव्यावर तो तापवायचा आणि त्यातून ठिबकणारं काळं तेल थेट भेगेत सोडायचं. भेग बुजे, पण अनेकदा बिब्बा उतायचा : फोड, लाली, महिनाभर लंगडणं. जुनं ते सगळंच शहाणपणाचं असतं असं म्हणणाऱ्यानं उतलेला बिब्बा एकदा पाहावा.

1972 चा दुष्काळ पडला तेव्हा मी सात वर्षांचा होतो. जालना जिल्हा व्हायला अजून नऊ वर्षं होती, आम्ही औरंगाबाद जिल्ह्यात मोडायचो. करडई पिकलीच नाही. आई आणि आजी खडी फोडायला जायच्या. दगडाच्या भुकटीनं तळहात असे फाटले, की भाकरी थापताना पिठावर लाल ठिपके उमटत. पोरांना सुकडी मिळायची, तेल मात्र कुठंच नव्हतं. त्या वर्षी आजीनं कुणाच्या हातावर रेघ ओढली नाही. ओढून करणार काय?

नंतर दुकानात बाटल्या आणि नळ्या आल्या. तेलविहिरीच्या दांड्यांवर जमणारा चिकट थर शुद्ध करून चेसब्रो नावाच्या अमेरिकी माणसानं 1872 मध्ये व्हॅसलीनचं पेटंट घेतलं होतं. बोरोलीन 1929 पासून कलकत्त्यात बनत होतं. आमच्या घरात दोन्ही पोहोचली ती शहरात नोकरीला गेलेल्या चुलत्यांमुळं. त्याच सुमारास अंगाला लाल साबण लागला आणि डाळीचं पीठ लावून न्हायची चाल मोडली. पुढं सोयाबीन आलं, स्वस्त पाकीटबंद तेलं आली, आणि करडई बांधाकडेला सरकली.

गंमत अशी की बोरोलीनच्याच साली, 1929 मध्ये, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर हे दांपत्य उंदरांना स्निग्धांश पूर्ण वगळलेलं खाणं देऊन पाहत होतं. उंदरांची कातडी खवल्यांची झाली. ते पाणी खूप पिऊ लागले, पण लघवी त्या मानानं वाढेना. पाणी कातडीवाटे उडून जात होतं, उललेल्या रानासारखं. पुढच्या वर्षी त्यांनी उपाय दाखवला : लिनोलेइक आम्ल. 1974 मध्ये ब्रिटिश संशोधकांनी या आम्लाची कमतरता असलेल्या रुग्णांच्या त्वचेवर सूर्यफुलाचं तेल चोळलं, तेव्हा ती कमतरता भरून येताना दिसली. करडईच्या पारंपरिक वाणांच्या तेलात सुमारे तीन चतुर्थांश भाग याच आम्लाचा असतो. हे वाचलं त्या दिवशी मला वाटीच्या तळाचा तो गढूळ पिवळा रंग आठवला.

आता कुणी विचारलं तर मी आजीचंच सांगतो, थोडं सुधारून. पाणी कढत नको, कोमट घ्या. साबण काखेत आणि जांघेत, सगळ्या अंगाला रोज नको. अंग टिपून घ्या, खसाखसा पुसू नका, आणि वाफसा असताना तेल किंवा मलम लावा. मधुमेह असेल तर टाचेची भेग घरी कोरू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि कोरडा चट्टा बधिर असेल, टोचलेलं कळत नसेल, तर तो कोरडेपणा नव्हे, कुष्ठरोगाची खूण असू शकते. औषधानं तो पूर्ण बरा होतो, पण वेळेत जायला हवं.

आजीच्या शेवटच्या हिवाळ्यात मी सुट्टीवर घरी गेलो होतो. ती ओट्यावर उन्हाला बसलेली. तिच्या हातावर कुणी कधी रेघ ओढली नव्हती, म्हणून मी ओढली. पांढरी राहिली, खडूनं काढल्यासारखी. मी तेलाची वाटी आणायला उठलो, तर तिनं धोतर ओढून खाली बसवलं.

"आत्ता नगं," ती म्हणाली. "वाफसा गेला. उद्या न्हाल्यावर लाव."