नांगराच्या कारखान्यातून निघालेली मासिके

१/ लोखंडी नांगर आणि कडबा कापण्याची यंत्रे बनवणाऱ्या कारखान्याने कथा-कादंबऱ्या का छापाव्यात? स्त्रियांच्या प्रश्नांना वाहिलेले मासिक का काढावे? उद्योग आणि कला यांच्या नात्यातील एक विलक्षण अध्याय आजच्या सांगली जिल्ह्यात, किर्लोस्करवाडीत घडला. त्याची ही कथा.

२/ लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९चा, बेळगावजवळच्या गुर्लहोसूरचा. तरुणपणी त्यांना चित्रकार व्हायचे होते आणि त्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखलही झाले. परंतु काही रंगांतील भेद त्यांच्या डोळ्यांना कळत नसे. रंग सुटले, रेषा उरली. ते यांत्रिक आरेखन शिकले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत शिकवू लागले.

३/ पुढे नोकरी सोडून ते बेळगावला आले. १८८८ मध्ये तेथे सुरू झालेल्या सायकलींच्या दुकानातून कारखाना वाढत गेला, पण शहराच्या विस्तारात त्याची जागा गेली. तेव्हा औंधचे संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळची ३२ एकर माळरान जमीन आणि १०,००० रुपयांचे कर्ज देऊ केले. १९१० मध्ये त्या माळावर किर्लोस्करवाडी वसू लागली.

४/ हे बाळासाहेब स्वतः चित्रकार होते. औंधला १९३८ मध्ये उभे राहिलेले संग्रहालय त्यांच्या कलाप्रेमाची साक्ष आजही देते. रंग सोडावा लागलेल्या एका कारखानदाराला कुंचला धरणाऱ्या एका राजाने आश्रय दिला, असा हा योग.

५/ माल तयार करणे सोपे नव्हते. विकणे त्याहून कठीण होते. लोखंडाने जमीन नासते, असा शेतकऱ्यांचा समज होता. नांगर खपवायचा, तर आधी मत बदलायला हवे होते. मत बदलण्याचे साधन म्हणजे शब्द आणि चित्र. या कारखान्याला लेखणीची गरज प्रथम भासली ती अशी, धंद्याच्या निकडीतून.

६/ लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव (शं. वा. किर्लोस्कर) कारखान्याच्या जाहिरातीचे काम पाहत. तेही चित्रकलेचे शिक्षण घेतलेले होते आणि व्यंगचित्रे काढत. १९२० मध्ये त्यांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. कारखान्याची, त्याच्या मालाची आणि ग्राहकांची वार्ता देणारे हे छोटे पत्रक होते.

७/ हळूहळू ‘खबर’ मागे पडली आणि मासिक केवळ ‘किर्लोस्कर’ झाले. त्यात कथा, क्रमशः कादंबऱ्या, प्रवासवर्णने, उद्योगविषयक लेख आणि समाजसुधारणेवरील वाद येऊ लागले. रत्नागिरीत स्थानबद्ध असलेल्या सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंधही त्यात प्रसिद्ध झाले आणि त्यांवर मोठी खळबळ उडाली. मालाच्या जाहिरातीसाठी निघालेले पान ग्राहकाला दुखावण्याचा धोका पत्करू लागले होते.

८/ १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ ही भावंडे निघाली. शिक्षण, विवाह, नोकरी, घरातील स्थान या विषयांवर बोलायला मराठी स्त्रीला ‘स्त्री’मध्ये हक्काची जागा मिळाली.

९/ संस्थानिकाचा आश्रय आणि कंपनीचा आश्रय यांतील भेद येथे लक्षात घ्यावा. राजा कलावंताला आपल्या दरबारी बोलावतो. त्याची कृती पाहणारे थोडे असतात. कारखान्याजवळ छापखाना होता, हिशेबाची शिस्त होती, गावोगावी माल पोहोचवण्याची सवय होती. लेखकाला त्यातून मिळाला तो वाचक. आणि वाचकालाही वर्गणी भरून या व्यवहारात वाटा उचलता आला.

१०/ मात्र या कथेला दुसरी बाजू आहे. १९३१च्या जनगणनेनुसार भारतातील साक्षरता दहा टक्क्यांहून कमी होती. ज्याने नांगर विकत घेतला, त्या शेतकऱ्याच्या पैशावर उद्योग वाढला. पण त्या उद्योगाने काढलेले मासिक त्याला बहुधा वाचता येत नव्हते. मासिके मुख्यतः शिकलेल्या मध्यमवर्गाच्या घरी गेली. ‘समाजासाठी’ असे आपण म्हणतो, तेव्हा कोणता समाज, हे विचारणे इतिहासाच्या विद्यार्थ्याचे कर्तव्य आहे.

११/ तरीही पेरलेले कोठे उगवेल, हे पेरणाऱ्याच्या हाती नसते. विद्या बाळ ‘स्त्री’त १९६४ पासून घडल्या आणि पुढे तिच्या संपादक झाल्या. १९८६ मध्ये तेथून बाहेर पडल्यावर १९८९ मध्ये त्यांनी ‘मिळून साऱ्याजणी’ हे स्वतंत्र मासिक काढले. उद्योगसमूहाच्या छत्राखाली तयार झालेली दृष्टी त्या छत्राबाहेरही टिकली.

१२/ आज २०१३च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक मर्यादेपेक्षा मोठ्या कंपन्यांनी सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के सामाजिक कार्यावर खर्चावे लागतात. कला व वारसा यांचे जतनही त्यात मोडते. किर्लोस्करवाडीत असा कायदा नव्हता. तेथे स्वार्थ होता, हौस होती आणि संपादकाला पुष्कळशी मोकळीक होती. टक्केवारी कायद्याने ठरवता येते. ती मोकळीक ठरवता येत नाही, आणि कला जगते ती तिच्यावरच.

१३/ एखाद्या जुन्या ग्रंथालयात ‘किर्लोस्कर’चे बांधीव खंड मिळाले, तर कथांसोबत जाहिरातींची पानेही अवश्य पाहा. शंकररावांचे ‘शंवाकीय’ हे आत्मचरित्रही शोधा. एका पानावर नांगर आणि शेजारच्या पानावर कथा, असे ते सहजीवन पाहिले की उद्योगाचा आणि साहित्याचा इतिहास वेगवेगळ्या कपाटांत ठेवणे आपल्याला जड जाईल.

(समाप्त)