बॉयलर धुणं आणि इंजिन फ्लश करणं

मित्रहो, मागच्या व्याख्यानानंतर एकानं विचारलं, "सर, गाडीचं ऑइल बदलायच्या आधी इंजिन फ्लश करावं का? गॅरेजवाला दर खेपेला सांगतो." तत्त्वज्ञानाच्या माणसाला हे काऊन विचारता, म्हणून काही जण हसले. पण या प्रश्नाला इतिहास आहे, आणि तो आपल्या मूर्तिजापूर स्टेशनातूनच जातो.

आपली शकुंतला आठवा. अडीच फुटी रूळ, एकीकडे ७६ किलोमीटरवर अचलपूर, दुसरीकडे ११३ किलोमीटरवर यवतमाळ. १९२१ साली मँचेस्टरला बांधलेलं झेडडी जातीचं वाफेचं इंजिन १९२३ मध्ये या मार्गावर आलं आणि १५ एप्रिल १९९४ ला उतरलं. सत्तर वर्षं! वाफेचं इंजिन इतकं चालायचं तर बॉयलर वरचेवर धुवावाच लागतो. पाण्याची वाफ उडून जाते, क्षार मागेच राहतात. खारपाणपट्ट्यातल्या माणसाला हे काय सांगायचं? चहाच्या भांड्याच्या बुडाशी रोज पाहतो आपण. म्हणून आग उतरवायची, बॉयलर थंड होऊ द्यायचा, तळाचे मड प्लग उघडायचे, सळईनं खरवडायचं आणि जोराच्या पाण्यानं गाळ काढायचा. तो थर साचू दिला तर उष्णता पाण्यात नीट जात नाही, पत्रा तापून फुगतो. इथं धुणं म्हणजे हौस नव्हती.

आता मोटारीकडे या. सुरुवातीचं इंजिन ऑइल म्हणजे नुसतं खनिज तेल. काजळी त्यात तरंगत राहायची नाही, चेंबरच्या तळाशी बसायची. जुनं तेल काढलं तरी गाळ तिथंच. तेव्हा पातळ तेल घालून इंजिन थोडं चालवायचं आणि ते ओतून द्यायचं, यात शहाणपण होतं. पुढे १९३० च्या दशकात कॅटरपिलरच्या डिझेल इंजिनांत पिस्टनच्या रिंगा चिकटू लागल्या, आणि त्यावर उपाय म्हणून तेलात डिटर्जंट घालणं सुरू झालं. आजच्या तेलात डिटर्जंट आहे, शिवाय काजळीचे कण सुटे धरून ठेवणारं द्रव्यही आहे. म्हणजे तेल फिरता फिरता धुतं, आणि निघताना घाण घेऊनच निघतं. बॉयलरच्या पाण्याच्या अगदी उलट! तेल बदललं, सवय मात्र राहिली.

तुम्ही म्हणाल, "पण फ्लश केल्यावर काळंकुट्ट तेल बाहेर येतं, ते डोळ्यांनी पाहिलं ना!" हा काकतालीय न्याय झाला. कावळा बसला आणि ताडाचं फळ पडलं. आपले नैयायिक इथं अन्वय-व्यतिरेक मागतील: फ्लश न करता नुसतं ऑइल काढून पाहिलंत का? तेही काळंच येतं. काळं आलं म्हणजे त्यानं काम केलं.

बरं, फुकट खर्च झाला एवढंच असतं तर सोडून दिलं असतं. फ्लशनं तेल पातळ होतं, बेअरिंगवरचा थर विरळ होतो. म्हणून तो करणारेही इंजिन रेस करू देत नाहीत. वर्षानुवर्षं दुर्लक्ष झालेल्या गाडीत गाळाचे पापुद्रे एकदम सुटले तर तेल ओढणाऱ्या जाळीत अडकतात. वरच्या भागाला तेल पोचत नाही, आणि मग इंजिन उघडण्याचा खर्च. ज्याची टॅक्सी हेच पोट, त्याला विचारा. गंमत अशी की फ्लश नेमका याच गाड्यांना सुचवला जातो. रॉकेल-डिझेल ओतून धुण्याबद्दल तर बोलायलाच नको.

मग कधी करावं? हेड गॅस्केट जाऊन तेलात पाणी मिसळलं, किंवा चुकून भलतंच तेल पडलं, तर दुरुस्तीनंतर आतून साफ करावंच लागतं. त्यातही गाडीच्या पुस्तकात काय लिहिलंय ते आधी वाचा. गाळ धरलेल्या गाडीला मी चेंबर खोलून जाळी साफ करायला सांगेन; ते जमत नसेल तर चांगलं तेल घालून, मुदतीच्या बरंच आधी, दोनदा बदला. सावकाश सुटलेला गाळ फिल्टर धरतो. बाकी नियमित ऑइल बदलणाऱ्यांनी इंजिन कोमट असताना नट खोलावा, तेल थेंबाथेंबावर येईपर्यंत निथळू द्यावं आणि फ्लशच्या पैशांत नवा फिल्टर घ्यावा.

हं, मागून कुणीतरी हात वर केलाय. विचारा.