शेजारच्या प्रेसमधला ‘ळ’

माझे वडील छपाईचे खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवायचे. नारायण पेठेतल्या एका छापखान्यात वर्षानुवर्षं उभ्याने काम करून त्यांच्या पोटऱ्यांच्या शिरा फुगल्या होत्या आणि जुळणीची स्टिक धरून धरून डाव्या अंगठ्याला घट्टा पडला होता. त्या वेळच्या प्रेसवाल्यांमध्ये एक रीत होती. मजकुरात ‘ळ’ भरमसाट आले आणि केसमधले (खिळ्यांच्या कप्प्यांच्या पेटीतले) संपले, की पोऱ्याला शेजारच्या प्रेसमध्ये पिटाळायचं. तो कागदाच्या पुडीत मूठभर ‘ळ’ घेऊन यायचा. फर्मा छापून झाला, जुळणी सोडवली, की पुडी परत. उद्या शेजाऱ्याचं काम अडलं तर आपण द्यायचे. पैशांचा व्यवहार नाही. पण पुडी परत गेली नाही तर मात्र रस्त्यावर ऐकू जाईल एवढं भांडण व्हायचं, कारण त्याच्या केसमधला खिळा आपल्याकडे आला की त्याचा कप्पा तेवढा रिकामा.

हे जमायचं, कारण दोघांचा टाइप एकाच वळणाचा असायचा. मराठी टाइपाचं घराणं फार मोठं नाही. मुंबईच्या अमेरिकन मिशन प्रेसमध्ये टॉमस ग्रॅहमने देवनागरी टाइप घडवला. त्याच प्रेसमध्ये लहान वयात लागलेल्या जावजी दादाजी चौधरींनी पुढे स्वतःची टाइप फाउंड्री काढली आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. अक्षरांचे पोलादी पंच कोरणारा हात होता त्यांचे मित्र राणोजी रावजी आरू यांचा. ‘निर्णयसागर’चं अक्षर मग हिंदुस्थानभर गेलं. फाउंड्री टाइप विकायची तो वजनावर. एकदा विकत घेतला की तो तुमचा: उसना द्या, विका, झिजला की धातूच्या भावात परत करा. उचलेगिरी तेव्हाही करता यायचीच. दुसऱ्याच्या खिळ्यावर विजेने तांबं चढवलं की त्याची मातृका, म्हणजे साचा, तयार होते आणि त्यातून हवे तेवढे खिळे ओतता येतात. पण त्याला भट्टी लागते, कारागीर लागतो. आमच्या धंद्यात पुढे फक्त एक फ्लॉपी लागली.

लग्नानंतर मी सदाशिव पेठेत डीटीपीचं दुकान टाकलं. तोवर शिशाचे छापखाने भंगारात निघू लागले होते. पुणं तेव्हा भारतीय भाषांच्या संगणकीकरणाचं माहेरच होतं. १९८८ मध्ये इथे सी-डॅक ही सरकारी संगणक संस्था सुरू झाली. त्यांचं जिस्ट कार्ड संगणकात बसवलं की पडद्यावर देवनागरी उमटायची. पुढे विंडोजवर त्यांचं आयएसएम सॉफ्टवेअर आलं. मॉड्युलर इन्फोटेकचं श्रीलिपी पुण्याचंच. बेंगळुरूहून सायबरस्केपचं आकृती आलं. पानं लावायच्या पेजमेकरच्या खाली यातलं काहीतरी हवंच असायचं.

सॉफ्टवेअरबरोबर ‘लॉक’ यायचं. पोरं हल्ली डोंगल म्हणतात, आम्ही लॉकच म्हणायचो. काडेपेटीएवढं डबडं, ते सीपीयूच्या मागच्या प्रिंटरच्या पोर्टला लावायचं आणि प्रिंटरची केबल त्याच्या पाठीत. लॉक काढलं की कळफलक मराठी बोलायचा बंद. त्याची किंमत म्हणजे दुकानाचं कित्येक महिन्यांचं भाडं, आणि एक लॉक एका मशीनला. पण लॉक राखण करायचं ते प्रोग्रॅमची. फॉन्ट म्हणजे नुसती एक छोटी फाइल, आणि फ्लॉपीवर १.४४ एमबी जागा. त्यामुळे एकाच फ्लॉपीवर दहा-बारा वळणं सहज मावायची. छपाईची फिल्म काढणाऱ्या प्रोसेसवाल्याकडे फाइल नेताना फॉन्टही न्यावेच लागायचे, नाहीतर तिकडे फिल्मवर अक्षरांऐवजी इंग्रजी कचरा निघायचा. ते फॉन्ट तिथेच राहायचे. तिथून दुसऱ्या डीटीपीवाल्याकडे, तिथून नगरला, साताऱ्याला. कोणी चोरी म्हणून निघालेलं नव्हतं. “ताई, तो लग्नपत्रिकेचा फॉन्ट देता का जरा?” हे वाक्य वडिलांच्या पोऱ्याच्याच सुरात यायचं, आणि आपला कप्पा रिकामा होत नसल्यामुळे परत मागायचा प्रश्नच नव्हता. लॉक फोडलेल्या प्रोग्रॅमच्या सीड्या मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळायच्या, वर मार्करने नाव लिहिलेलं. नव्वदच्या दशकात पेठांमध्ये सगळे फॉन्ट पावतीचे वापरणारा ऑपरेटर कोणी दाखवला तर मी त्याला नारळ देईन.

कायदा नव्हता असं नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात १९८४च्या दुरुस्तीने संगणकाचे प्रोग्रॅम आले. मे १९९५ पासून तर कलम ६३-बी लागू झालं: चोरीचा प्रोग्रॅम जाणूनबुजून वापरला तर किमान सात दिवस कैद आणि किमान पन्नास हजार दंड. खुद्द अक्षराच्या वळणाचं काय, हा मात्र वेगळाच गुंता. ‘आनंद एक्सपांडेड इटालिक्स’ या टाइपफेसच्या प्रकरणात २००२ मध्ये कॉपीराइट बोर्डाने वळणाची कलाकृती म्हणून नोंदणी करायला नकार दिला. म्हणजे फॉन्टची फाइल प्रोग्रॅम म्हणून कायद्याच्या आडोशाला, आणि ज्याने महिनोन् महिने बसून ‘क्ष’चं पोट गोल केलं त्याचा हात उघड्यावर. कायदा लिहिणाऱ्यांनी कधी अक्षर काढून पाहिलं असतं, तर असं झालं नसतं.

एक गंमत सांगायलाच हवी. आपल्या पुस्तकाची पीडीएफ व्हॉट्सॲपवर फिरते म्हणून तळतळाट करणारे प्रकाशक माझ्याकडे येतात. त्यांचं दुःख खरं आहे. हजाराची आवृत्ती खपायला मारामार, त्यात हे. पण त्यांची जुनी पुस्तकं ज्या फॉन्टात लागली, त्या फॉन्टची पावती त्यांनी कधी विचारली नव्हती. मीही दाखवली नव्हती.

या उसनवारीत बुडाले कोण? आधी अर्थात अक्षर काढणारे. नवं वळण बाजारात आलं की आठवड्यात पेठभर व्हायचं, मग नव्या वळणावर पैसा कोण घालणार? पंधराएक वर्षं मराठी पुस्तकं त्याच चार-पाच चेहऱ्यांनी निघाली, ती त्यामुळे. पण दुसरं नुकसान आमचंच झालं, आणि ते आम्हाला फार उशिरा दिसलं. प्रत्येक कंपनीने अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागांवर आपापल्या मनाने बसवली होती. एकीचा ‘क’ जिथे, तिथे दुसरीचा काना. शिवाय फाइलमध्ये अक्षरं उच्चाराच्या क्रमाने नाही, दिसण्याच्या क्रमाने. ‘स्थिती’ लिहायचं तर पहिली वेलांटी आधी, मग अर्धा ‘स’, मग ‘थ’. रफार तर अख्ख्या जोडाक्षरानंतर. फॉन्ट बदलला की अख्खी कादंबरी भुताटकी झाल्यासारखी. आम्ही फॉन्ट फुकट उचलला तरी मजकूर त्या कंपनीच्या खुंटीलाच बांधलेला राहिला. आमच्या मते कुलूप फोडलं होतं. खरं कुलूप अक्षरांच्या जागांमध्ये होतं, आणि तिथे कोणाचा हात पोचलाच नव्हता.

म्हणूनच २००३ मध्ये सायबरस्केपने आकृतीचे काही फॉन्ट जीपीएल या मुक्त परवान्याखाली सोडले, तेव्हा पेठेत त्याचं कुणाला कौतुक वाटलं नाही. अरे, ते तर आहेतच की आपल्याकडे! परवाना मोकळा झाला होता, पण अक्षरांच्या जागा जुन्याच होत्या. जागांचा प्रश्न युनिकोडने सोडवला: प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेली जागा. देवनागरी त्यात १९९१ पासून आहे, आणि विंडोज २००० बरोबर ‘मंगल’ हा युनिकोड फॉन्ट घरोघर पोचला. ‘मंगल’ काढणारे र. कृ. जोशी म्हणजे आपले कवी, जाहिरात क्षेत्रातले, पुढे आयआयटी मुंबईत शिकवणारे. ‘मंगल’ विंडोजबरोबरच यायचा. पण मुंबईच्या एनसीएसटी या सरकारी संशोधन संस्थेने मुक्त परवान्याखाली दिलेला ‘रघू’ही त्यांच्याच हातचा. व्हीजेटीआय कॉलेजच्या प्रा. जितेंद्र शहांच्या इंडिकट्रान्स गटाने ‘गार्गी’ तसाच मोकळा केला. रेड हॅट या लिनक्स कंपनीने पुण्यातल्याच एका कंपनीकडून घेतलेली ‘लोहित’ अक्षरं २००४ मध्ये जीपीएलखाली सोडली.

मी ‘लोहित’ पहिल्यांदा लावून पाहिला, तेव्हा मला त्याचं रूप फारसं आवडलं नाही. सुटं सुटं, पुस्तकाला नको वाटावं असं. पण त्यात एक गोष्ट घडली ती चोरलेल्या फॉन्टमध्ये कधी घडूच शकत नव्हती. हिंदीचा ‘श’ आणि ‘ल’ वेगळा, आपला वेगळा. आपल्याला देठाचा ‘श’ आणि पाकळीचा ‘ल’ लागतो. शासनाने ६ नोव्हेंबर २००९च्या निर्णयात तसं लिहूनच ठेवलंय. दिल्लीच्या डोळ्याने काढलेल्या फॉन्टमध्ये मराठी पुस्तक लावलं की वाचकाला काहीतरी खटकतं, काय ते सांगता येत नाही. ‘लोहित’ खुला, म्हणून त्याचा वेगळा ‘लोहित मराठी’ निघाला, आणि पुढे एकाच ‘लोहित देवनागरी’त दोन्ही रूपं बसवून भाषेप्रमाणे अक्षर बदलायची सोय झाली. उचललेल्या फॉन्टमध्ये वाकडा ‘श’ वाकडाच राहतो. तक्रार करायला तोंड नसतं, दुरुस्त करून चारचौघांत द्यायची सोय नसते.

फुकट मात्र यातलं काहीच नव्हतं. ‘लोहित’चे पैसे रेड हॅटने मोजले होते. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट स्टुडिओत गिरीश दळवी आणि यशोदीप घोलप यांनी केलेली ‘यशोमुद्रा’ राज्य मराठी विकास संस्थेने करून घेतली, म्हणजे तुमच्या-माझ्या करातून. ‘मुक्ता’, ‘बालू’, सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांचा तो लाडवासारखा गुबगुबीत ‘मोदक’, ही वळणं गूगल फॉन्ट्सवरून कोणीही उतरवून घ्यावीत. यातल्या बऱ्याचशांना ओएफएल नावाचा परवाना आहे. त्यात फॉन्ट वाटा, बदला, पुस्तकात वापरून पुस्तक विका. फक्त नुसता फॉन्टच सुटा विकू नका, आणि बदललेला फॉन्ट त्याच अटींवर पुढे द्या. अक्षर काढणाऱ्याला मजुरी मिळायला हवी, ती आधीच दिलेली; मग पुढे कितीही पुड्या जावोत. आमच्या नव्वदच्या दशकात नेमका हाच आधी पैसे मोजणारा माणूस नव्हता. कंपन्या वेड्या नव्हत्या आणि आम्ही दरोडेखोर नव्हतो.

धंदा मात्र पटकन हलला नाही. पेजमेकरला युनिकोड मराठी कळत नव्हतं, आणि त्याच्या जागी आलेल्या इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्या धड बसायला २०१२चं सीएस-६ उजाडलं. अजूनही प्रकाशक म्हणतात, “ते जुनंच वळण लावा, पुस्तकासारखं दिसतं.” त्यांचं अगदीच चूक नाही. मुक्त अक्षरांमध्ये पडद्यासाठी, पोस्टरसाठी भरपूर आहे. पण तीनशे पानं सलग वाचायची असतील तर मला अजून पर्याय कमी वाटतात. अशा कामांसाठी मी आता रीतसर परवाने घेतलेत. बिलात त्याची वेगळी ओळ लावत नाही, पण दर त्याप्रमाणे आहेत.

सध्या जास्त काम जुन्या फाइली युनिकोडमध्ये आणायचं आहे. लेखक सीडी घेऊन येतात. कधी फॉन्ट ओळखता येतो, कधी नावच बदललेलं असतं, कारण फिरवणाऱ्यांपैकी कोणीतरी त्याचं नवं बारसं केलेलं. कन्व्हर्टर ऐंशी टक्के काम उरकतो आणि मग वेलांट्या, रफार आणि आपला चंद्रकोरीसारखा अर्धा ‘र’ हाताने शोधायचा. तो बऱ्याच कन्व्हर्टरना कळत नाही, म्हणून सह्याद्रीच्या दऱ्यांचे दर्या होतात. ते शुद्धलेखन तपासणाऱ्या प्रोग्रॅमलाही सापडत नाही, कारण दोन्ही शब्द बरोबर. ओळ न् ओळ वाचावीच लागते. माझ्याच जुन्या कामातली एक भटकंतीची पुस्तकमाला परवा अशी वाचून काढली. किल्ल्यागणिक समुद्र लागत होता.

लेखक विचारतात, माझंच लिखाण मला परत मिळवायला पैसे कसले? मी पानाचा दर सांगते, आणि जोडाक्षरं जास्त असतील तर तो थोडा वाढतो हेही.