दलन-ऊर्जेचे पूर्वानुमान
धातुक भरडून व दळून त्यातील उपयुक्त खनिजे सुटी करण्यास किती वीज लागेल, याचा खोदकामापूर्वीच बांधलेला अंदाज. चक्क्या एकदा उभारल्या की दीर्घकाळ त्यांवरच भागवावे लागते. खडक अपेक्षेहून कठीण निघाल्यास उत्पादन घटते व फायदेशीर मानलेला साठा तोट्याचा ठरू शकतो.

दलन-ऊर्जा नव्याने निर्माण होणाऱ्या पृष्ठभागाच्या प्रमाणात असते, असे ऑस्ट्रियातील पेटर फोन रिटिंगर यांनी १८६७ मध्ये मांडले. फ्रीड्रिख किक यांनी १८८५ मध्ये आकारमान किती पटींनी घटले यास महत्त्व दिले. खाणींच्या उपयोगी पडला तो मात्र ॲलिस-चामर्स या अमेरिकन कंपनीतील फ्रेड बाँड यांचा १९५२ मधील नियम. धातुकाचा ८०% भाग १०० मायक्रॉनच्या चाळणीतून जाईल इतका तो बारीक करण्यास दर टनास लागणारी ऊर्जा म्हणजे बाँड यांचा कार्य निर्देशांक. तो तत्त्वापेक्षा अनुभवावर अधिक आधारलेला आहे, तरीही प्रचारात टिकून आहे.

या निर्देशांकाच्या चाचणीस काही किग्रॅ. नमुना आणि दळण-चाळणीची अनेक आवर्तने लागतात. त्यामुळे जेथे रासायनिक विश्लेषणे हजारोंनी होतात, तेथे अशा चाचण्या थोड्याच असतात. मधल्या जागा भरण्यासाठी दक्षिण आफ्रिकेतील डी. जी. क्रीग यांच्या १९५१ मधील कार्यातून विकसित झालेली भूसांख्यिकीय पद्धती धातूच्या प्रमाणास चांगली लागू पडते, कारण त्याची सरासरी काढता येते. काठिण्याचे तसे नाही. मऊ व कठीण खडक एकत्र दळल्यास कठीण कण चक्कीत अधिक काळ फिरत राहतात आणि मिश्रणाचा निर्देशांक साध्या सरासरीहून वेगळा येऊ शकतो.

एकविसाव्या शतकात या कामी मशीन लर्निंगचा वापर होऊ लागला. रासायनिक घटक, खडकाचा प्रकार, घनता, वेधनाचा वेग यांसारख्या मुबलक मोजमापांचा थोड्या चाचण्यांशी असलेला संबंध संगणक शोधतो; लिओ ब्रायमन यांची २००१ मधील निर्णयवृक्षसमूहाची रीत यासाठी वापरली जाते. साठ्याच्या प्रत्येक ठोकळ्यास अंदाजित ऊर्जा मिळाली, की नफा टनामागे न मोजता चक्कीच्या तासामागे मोजता येतो. मग कमी प्रतीचा मऊ खडक उच्च प्रतीच्या कठीण खडकाआधी काढणे कधीकधी किफायतीचे ठरते.

प्रसिद्ध होणाऱ्या अचूकतेच्या आकड्यांकडे मात्र सावधपणे पाहावे लागते. एकाच वेधनछिद्रातील शेजारचे नमुने शिकण्यास व पडताळणीसही वापरले, तर अचूकता फसवी वाढते. न तपासलेल्या खडकप्रकाराविषयी तर संगणकास काहीच आधार नसतो. खरी परीक्षा चक्कीच्या प्रत्यक्ष वीजवापराशी तुलना करून होते, पण निरनिराळ्या ठोकळ्यांचा माल ढिगात मिसळल्यावर कोणत्या ठोकळ्याचा अंदाज चुकला, हे ओळखणे अवघड जाते.